वाडग्याबाहेरचा फासा

जिमेई, ११ जून २०२४

आ-चू,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे तसंच केराच्या टोपलीत टाकलं नसशील, तर आधी कामाचं सांगते. तुझ्या लेकीला रबरी तळाचे बूट घेऊन दे. काल इथे होड्यांच्या शर्यती होत्या आणि ही बाई शाळेची तीस मुलं घेऊन कापडी चपलांवर तळ्याच्या पायऱ्या उतरत होती. त्या पायऱ्यांवरून तू दोनदा आपटली आहेस, मी एकदा. तिला मात्र काही झालं नाही. तोल तिनं कुणाचा घेतलाय कोण जाणे.

हो, का-यान मला भेटली. तिनं तुला सांगितलं नसेल तर मी चुगली केली असं समज.

मला शाळेतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण घरी बसवत नाही. आठवड्यातून तीन दिवस गळ्यात ओळखपत्र अडकवून मी बाहेरगावच्या लोकांना आपल्या शाळांच्या इमारती दाखवते. वन-हाय म्हणतो, "ताईचं बोलणं वर्गात पोरं गुमान ऐकायची, आता तिनं रस्त्यावरची माणसं धरायला सुरुवात केलीय." आपला धाकटा भाऊ साठीला टेकला तरी जीभ तीच आहे. नूडल्सचं दुकान चालवतो आणि गिऱ्हाइकांपेक्षा जास्त स्वतःच खातो.

तर काल मी हाँगकाँगच्या त्या मुलांना नेहमीचं सांगत होते, की छपराची वर वळलेली शेपटी आपली, खांब परदेशी, आणि दोघांचं भांडण कधी झालं नाही. एका मुलानं विचारलं, "एका माणसानं एवढ्या शाळा कशाला बांधल्या?" मी म्हटलं, "त्यांना विचारायला तू शंभर वर्षं उशीर केलास." मुलं हसली. तोंडात काहीतरी कोंबलेला एक मुलगा आणखी काही विचारायला लागला आणि मागून एक बाई आपल्या बोलीत म्हणाली, "तोंडातलं आधी गिळ, मग बोल."

आ-चू, तो आईचा आवाज होता. आई जाऊन पन्नास वर्षं होत आली, आणि ते वाक्य त्या चालीत आपल्या घराबाहेर मी कधी ऐकलं नव्हतं.

"तू कुणाची गं?" मी विचारलं.

"तुम्ही चेन बी-लिएन बाई ना? गळ्यात लिहिलंय."

"वाचता येतं तर विचारतेस कशाला?"

"खात्री करून घ्यायला. आई म्हणाली होती, खोचक बोलली तर तीच समज."

म्हणजे तू माझं नाव घेतेस. मला वाटलं होतं, तेही सोडलंस.

दुपारी पावसाची सर आली म्हणून सगळ्यांना शाळेच्या व्हरांड्यात बसवलं आणि फाशांचा खेळ शिकवला. बाबांचा वाडगा माझ्या पिशवीत असतोच. त्या मुलांना हा खेळ ठाऊक नव्हता. म्हटलं, शरदातल्या पौर्णिमेला अवकाश असला तरी शिकून ठेवा, आमच्याकडे त्या दिवशी घरोघरी हाच खणखणाट असतो. सहा फासे वाडग्यात टाकायचे. मान फक्त चार लाल ठिपक्यांच्या चौक्याला. एक चौका पडला की गावच्या परीक्षेत पास, तीन पडले की राजाच्या परीक्षेत तिसरा, चार पडले की पहिला, आणि बक्षिसातला सगळ्यांत मोठा केक त्याचा.

"आणि फासा वाडग्याबाहेर उडाला तर?" त्याच तोंड भरलेल्या मुलानं विचारलं.

"दान बाद," मी म्हटलं. "कितीही मोठं असलं तरी."

का-यान तेव्हा फाशांकडे बघत होती. पाच पिवळे, हाडाचे, आणि एक पांढरा, प्लॅस्टिकचा. ती म्हणाली, "आईच्या बटणांच्या डब्यात असाच एक पिवळा आहे. लहानपणी खेळायला घेतला म्हणून तिनं मला मारलं होतं. त्याच्याआधी नाही आणि नंतरही कधी नाही." मी म्हटलं, असेल, जुने फासे सगळीकडे मिळतात.

तुझी लेक गुणी आहे. मुलांवर ओरडत नाही आणि मुलं तिचं ऐकतात, हे मला चोवीस वर्षांच्या नोकरीनंतर जमलं. वन-हायनं तिच्यापुढे समुद्रकिड्यांचा थिजवलेला रस्सा ठेवला, घाबरवायला. तिनं वाटी संपवून दुसरी मागितली. काय शिकवतेस विचारलं तर म्हणाली गणित. म्हणजे माझाच विषय.

जुनं उगाळायला हे पत्र लिहिलेलं नाही. यंदाच्या पौर्णिमेला ये, एवढंच म्हणायचं आहे. तुमच्याकडून जलद गाडीनं चार तास लागतात आणि स्टेशन आपल्या जिमेईतच बांधलंय. खोली रिकामी आहे.

बी-लिएन


जिमेई, ३ जुलै

आ-चू,

का-यानचा निरोप आला: "आईनं पत्र वाचलं. घडी घालून ठेवलं." एवढाच. फाडलं नाहीस हेही पुष्कळ झालं.

तुझं उत्तर नाही तर मीच बोलते. मला त्याची सवय आहे.

गुलमोहर यंदा उशिरा फुलला. परीक्षा संपून मुलं फाटकातून बाहेर पडली तेव्हा सगळा रस्ता लाल होता. मी दरवर्षी त्या दिवशी फाटकासमोर जाऊन उभी राहते. माझं आता कुणी परीक्षेला बसत नाही, तरी जाते. एका मुलीनं बाहेर येऊन आपल्या आजीला मिठी मारली आणि म्हणाली, "आजी, भूमिती सोपी होती." आजीला भूमिती म्हणजे काय ते माहीत नसावं. ती म्हणाली, "मग जेवायला चल." मला दोघींचंही कौतुक वाटलं.

इथलं सगळं बदललंय असं लोक तुला सांगत असतील. बदललंय. आपल्या कालवांच्या दगडांच्या जागी आता फिरायला रस्ता आहे, त्यावर तरुण पोरं पळतात, कुणी मागे लागलेलं नसताना. पण ओहोटीला उभं राहिलं की शाळांची कौलं अजून तशीच दिसतात, बाबांबरोबर कालवं काढताना दिसायची तशी. तुला आठवतं, गुडघाभर गाळात उभ्या राहून आपण ती पंधरा मजली इमारत मजला-मजला वाटून घ्यायचो? वरचे सात तुझे, खालचे आठ माझे. तू म्हणायचीस, "मला वरचे, तिथून हाँगकाँगपर्यंत दिसेल." आणि मी म्हणायचे, "मला खालचे, तिथे जेवणघर आहे."

गेल्या महिन्यात शाळांतल्या एका जुन्या इमारतीच्या छपराचं काम निघालं. हुई-आनचे गवंडी आलेत, दगडातले लोक. एका पडक्या भिंतीत विटा आणि दगड एकमेकांत कसे बसवतात ते मी तासभर बघत उभी होते. फुटका तुकडासुद्धा टाकत नाहीत. वळवून, फिरवून त्याची जागा शोधतात, आणि भिंत झाली की वाटतं मुद्दामच अशी योजली होती. मुकादम मला म्हणाला, "बाई, तुम्ही गवंड्याच्या घरातल्या का?" मी म्हटलं, "नाही, मास्तरीण." तो म्हणाला, "मग तुम्हीही फुटके तुकडे बसवलेत." मला ते इतकं आवडलं की घरी येऊन वहीत लिहून ठेवलं.

मला या जागेचा अभिमान आहे, आ-चू. ज्या माणसानं या शाळा उभ्या केल्या तो स्वतः रताळ्याची पेज जेवायचा आणि शेवटपर्यंत ठिगळ लावलेली छत्री वापरायचा, असं बाबा सांगायचे. मी एकतीस वर्षं त्याच्या भिंतींत शिकवलं. कालववाल्याची मुलगी. तुझ्यापाशी बढाई मारायचा मला काही हक्क आहे की नाही, ते मात्र ठाऊक नाही.

तू शहाण्णव साली बाबा गेले तेव्हा आलीस, त्यांच्या पायांशी बसलीस, त्यांचे मोजे नीट केलेस आणि संध्याकाळच्या बसनं गेलीस. चहासुद्धा घेतला नाहीस. मी तुझ्याशी बोलले नाही हे खरं आहे. पण तूही बोलली नाहीस.

आता विषय निघालाच आहे तर सांगते. त्या पौर्णिमेला टेबल हललं असेलही. ते जुनंच होतं. खिडकीकडचा पाय आखूड होता, आई असल्यापासून. तू बसस्टँडवर म्हणालीस, "ताई, टेबल हललं होतं," आणि मी तुला खोटारडी म्हटलं, तेही बाबांसमोर. तो माझा तापटपणा. टेबल हललं असेल. ते मी कबूल करते, मग झालं?

पौर्णिमा सतरा सप्टेंबरला आहे.

बी-लिएन


जिमेई, २८ जुलै

चेन बी-चू,

पंचेचाळीस वर्षांनी तुझं पत्र आलं आणि त्यात एक ओळ. बरं झालं, वाचायला चष्मा लागला नाही.

"त्या सकाळी आखूड पायाखाली मीच कौलाचा तुकडा सरकवला होता. टेबल हलत नव्हतं."

तू कोर्टात आहेस का? मी तुला खोली रिकामी आहे म्हणून लिहिलं, लेकीचं कौतुक केलं, गुलमोहर फुलल्याचं सांगितलं, आणि तू मला कौलाचा तुकडा दाखवतेस. पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या सकाळी तू काय सरकवलंस ते मी कशाला लक्षात ठेवू? त्या दिवशी घरात किती धांदल होती. पौर्णिमेला वाडगा उघडपणे टेबलावर मांडायचं ते पहिलंच वर्ष होतं. त्याआधी किती वर्षं असल्या जुन्या खेळांवर बंदी होती म्हणून तो कोळशाच्या टोपलीखाली होता. पलीकडच्या बेटावरच्या तोफा त्याच वर्षी थांबल्या होत्या. लोक वेड्यासारखे खूश होते. आणि आपल्या घरात आत्याचा हाँगकाँगहून आलेला अर्ज पडून होता, नावाची जागा कोरी. एकीला न्यायची सोय झाली होती. एकीनं जाऊन कारखान्यात लागायचं, पैसे पाठवून वन-हायचं आणि घराचं बघायचं, आणि दुसरीनं इथे राहून पुन्हा कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेला बसायचं. आपण दोघीही त्या उन्हाळ्यात नापास झालो होतो.

तुझे माझ्याहून अकरा गुण जास्त होते. ते तू कुणाला बोलून दाखवलं नाहीस. मीही नाही.

बाबांना निवडवेना. म्हणाले, "मला दोन्ही डोळे सारखे. वाडगा ठरवील." आपल्या गावात कुणालाही हे वेडेपणाचं वाटलं नसतं. परीक्षेच्या नावांचा खेळ, मग परीक्षेला कुणी बसायचं ते त्यानं ठरवलं तर बिघडलं काय? तीन-तीन दानं, जिचं मोठं ती राहील. माझं सगळ्यांत मोठं तीन चौके. तुझी दोन वाया गेली. तिसऱ्या दानाला फासा उडाला. दान बाद. हा नियम मी केलेला नाही.

एवढंच झालं. आता तू एक ओळ लिहून मला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणार असशील तर येऊ नकोस.

बी-लिएन

ता. क. ते टेबल अजून आहे. माझ्याकडेच, होतं त्याच जागी, त्यावर मी लिहितेय. त्या कौलाच्या तुकड्याचं खरंखोटं आत्ताच करते.


२९ जुलै

आ-चू,

वरचं पत्र काल पोस्टात टाकलं नाही. बरोबर पाठवते आहे, कारण फाडलं तर ते आणखी एक लपवणं झालं असतं.

काल ता. क. लिहून मी खाली वाकले. गुडघे आता लगेच वाकत नाहीत, खुर्चीला धरून टेकले. मला वाटलं होतं, पाय तपासून तुला लिहीन की बघ, काही नाही. खिडकीकडच्या पायाखाली कौलाचा तुकडा आहे. धुळीनं काळा झालाय, नखानं खरवडला तर आतून लाल निघाला. टेबल त्याच्यावर पंचेचाळीस वर्षं उभं आहे. मी त्याच्यावर हजारो वह्या तपासल्या, आणि ते एकदाही हललं नाही. हलतं असतं तर मला कळलं नसतं?

तुझ्या तिसऱ्या दानाचे पाच फासे थांबले होते. त्यांतले चार चौके होते. चार लाल. सहावा काठावर भिरभिरत होता. तो काहीही पडला असता तरी तू राजाच्या परीक्षेत पहिली आली होतीस. मी ते चार बघितले आणि माझा गुडघा वर गेला. फळीला खालून लागला. चुकून नाही. मी तेव्हा विचार केला होता का? एवढाच की, ही जिंकली. मग गुडघा.

फासा उडून देव्हाऱ्याच्या टेबलाखाली गेला. बाबा म्हणाले, "बाद." त्यांचा आवाज बारीक झाला होता. त्यांनाही तू राहायला हवी होतीस असं मला तेव्हा वाटलं, आणि अजून वाटतं.

आता खरं सांगायला बसलेच आहे तर दुसरंही ऐक, म्हणजे उगाच माझे गोडवे नकोत. तुझ्या जागी राहिल्याचा मला पश्चात्ताप नाही. ऐंशी साली मी पास झाले, शिकले, शिकवलं. पहिल्या दिवशी फळ्याकडे वळले तेव्हा मागे चाळीस मुलं गप्प बसली होती आणि खिडकीतून समुद्र दिसत होता. मला वाटलं, हे सगळं माझं आहे. तसं मला कशाबद्दलही कधी वाटलं नाही, लग्नात नाही आणि मुलगा झाला तेव्हाही नाही. ते मिळवायचं असतं तर मी पुन्हा गुडघा उचलला असता का, ते विचारू नकोस. मला उत्तर माहीत नाही, आणि माहीत नाही हेच वाईट.

पश्चात्ताप बसस्टँडचा आहे. तू हातात गाठोडं घेऊन उभी होतीस, सतरा वर्षांची. बाबांसमोर म्हणालीस, "ताई, टेबल हललं होतं." तू गुडघा म्हणाली नाहीस. मला वाचवायला टेबल म्हणालीस. हे मला काल खाली गुडघे टेकल्यावर कळलं. मी म्हणाले, "हरली म्हणून खोटं बोलते." बाबांनी तुझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. ते सतरा वर्षं जगले त्यानंतर. धाकटी खोटं बोलली, हे मनात ठेवून गेले. मी त्यांना रोज जेवायला वाढत होते, कधीही सांगू शकले असते.

आणखी एक. मी मुलांना दरवर्षी शक्यता शिकवायचे, फाशांवरून. याच वाडग्यावरून, पाच पिवळे आणि तू गेल्यावर वन-हायनं शेजारून आणलेला हा पांढरा. चार किंवा जास्त चौके पडण्याची शक्यता एकशेपंधरात एक. फळ्यावर मांडून दाखवायचे. एकतीस वर्षं. दरवर्षी कुणीतरी विचारायचं, "बाई, तुम्हाला कधी पडलंय?" मी म्हणायचे, "मला नाही. माझ्या बहिणीला एकदा पडलं होतं." पोरांना मी कधी खोटं सांगितलं नाही. तुझ्याबद्दलचं खरं मी दरवर्षी पन्नास-पन्नास परक्या मुलांना सांगितलं आणि घरात सांगितलं नाही.

पौर्णिमेला माझे जुने विद्यार्थी येतात, पंचवीस-तीस जण, त्यांतले काही आता मुख्याध्यापक आहेत. तू म्हणालीस तर त्या सगळ्यांसमोर सांगेन. माझी अब्रू जाईल ती जाऊ दे. तू नाही म्हणालीस आणि आलीही नाहीस, तर तेही बरोबर आहे.

बी-लिएन


जिमेई, ७ सप्टेंबर

आ-चू,

पाच आठवडे झाले होते. मी आशा सोडली होती असं म्हणणार नाही, पण पोस्टमन दिसला की आत जायचे. काल वन-हायच दुकानातून पत्र घेऊन आला. पाकीट उजेडात धरून म्हणाला, "ताई, या वेळी दोन ओळींपेक्षा जास्त आहे. बसून घे."

तुझं पत्र मी इथे पुन्हा लिहून काढते. तुला ठाऊकच आहे, पण मला माझ्या हातानं लिहायचं आहे.

"ताई, मी गुडघा पाहिला होता. मी गेले ते तू मला खोटारडी म्हणालीस म्हणून नव्हे, जायचंच होतं. परत आले नाही ते मात्र त्यासाठी. फासा देव्हाऱ्याखाली सापडला तेव्हा मुठीत धरला आणि नाही सापडला म्हणून सांगितलं, म्हणजे मीही खोटं बोललेच. तू समजतेस तसं काही माझं आयुष्य तू घेतलेलं नाहीस. वीस वर्षं शर्टांना बटणं लावली, मग स्वतःचं दुकान काढलं, मुलीला शिकवलं. ते मी केलं. त्यात तुझा काही वाटा नाही, चांगला नाही आणि वाईटही नाही. फुकटचा मोठेपणा घेऊ नकोस. पण ते दान माझं होतं. तुझ्या विद्यार्थ्यांसमोर काही बोलायचं नाही, त्यांच्या बाई त्यांना राहू देत. बाबांना सांग. मोठ्यानं सांग, त्यांना शेवटी कमी ऐकू यायचं. फासा पोस्टानं पाठवणार नाही. सोळा तारखेच्या दुपारच्या गाडीनं येते. का-यान सोबत आहे. मी टाकेन तेव्हा टेबलापासून लांब बस."

मी हे वन-हायला वाचून दाखवलं. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. मग सगळं सांगितलं, टेबलाखालच्या कौलासकट. त्यानं खाली वाकून तो तुकडा स्वतः बघितला. मला वाटलं आता हा उठून जाणार. तो म्हणाला, "म्हणजे मी तिच्या बटणांवर वाढलो आणि तुझ्याकडून भूमिती शिकलो. आणि भूमितीत नापास झालो. ताई, तुझं चुकलंच." मग डोळे पुसत म्हणाला, "तिला कालवांचं ऑम्लेट आवडायचं ना? पीठ रताळ्याचंच घालतो, बटाट्याचं नको."

संध्याकाळी बाबांच्या तसबिरीसमोर अगरबत्ती लावली. तुझं म्हणणं बरोबर होतं, त्यांना कमी ऐकू यायचं. मी मोठ्यानं सांगितलं, आणि वर्गात बोलायचे तसा आवाज लागला. शेजारची म्हातारी दारात येऊन विचारायला लागली, "बाई, कुणाला रागावताय?" मी म्हटलं, "स्वतःला." ती म्हणाली, "मग जरा हळू." मी पुन्हा सांगितलं, हळू नाही. बाबा, आ-चूला चार चौके पडले होते. बाबा, टेबल हललं नव्हतं, मी हलवलं. बाबा, ती बसस्टँडवर खरं बोलली होती, आणि मला वाचवून बोलली होती. तसबीर तशीच होती. मला बरं वाटलं असं नाही. पण मग रडले, आणि रडून झाल्यावर भूक लागली.

खोली झाडून घेतली आहे. खिडकीतून समोरच्या शाळेची कौलं दिसतात. छपराचं काम गेल्याच आठवड्यात पुरं झालं, नव्या कौलांचा रंग अजून जुन्यांत मिसळलेला नाही, मुकादम म्हणतो दोन पावसाळे लागतील. सकाळी घंटा साडेसातला होते. त्रास वाटला तर सांग, मी खिडकी बंद करीन. मला वाटतं तुला आवडेल. वरचे सात मजले तुझे आहेत, ते विसरले नाही.

का-यानला म्हणावं, त्या मुलाला आणायला विसरू नकोस, तोंड भरून प्रश्न विचारणाऱ्याला. चांगला प्रश्न होता. फासा बाहेर गेला तर काय, याचं मी त्याला अर्धंच उत्तर दिलं होतं. कुणी उडवला तेही बघायचं असतं, हे सांगायचं राहिलं.

टेबलाला हात लावलेला नाही, कौलाचा तुकडाही तिथेच आहे. पौर्णिमेला मी दाराजवळच्या स्टुलावर बसेन, तुझ्यापासून सहा पावलं लांब, पाय पुढे पसरून, म्हणजे सगळ्यांना दिसतील. पांढरा फासा वन-हायच्या नातीला खेळायला देऊन टाकला. या वर्षी आपल्या घरात तुझ्याआधी कुणी दान टाकणार नाही. वाडगा धुऊन पुसून टेबलाच्या मधोमध ठेवलाय. त्यात पाचच फासे आहेत.

तुझी ताई